९,७०० अक्षरांचा मजकूर

एच.आय.व्ही. या विषाणूचा अख्खा जनुकीय मजकूर साधारण ९,७०० अक्षरांचा आहे. म्हणजे आपल्या या अंकातल्या एखाद्या लांबट लेखाएवढा. माणसाचा मजकूर तीनशे कोटी अक्षरांचा, आणि हा एवढासा. तरी गेली चाळीस वर्षं जगभरचे लोक तो वाचतायत, पुन्हा पुन्हा वाचतायत, आणि अजून संपलेला नाही.

आपल्याकडे मात्र तो वाचायचा असतो हेच कुणाला ठाऊक नाही. बीदर, भालकी, औराद, बसवकल्याण, तिकडे आळंद आणि कलबुर्गी, या पट्ट्यात आपण मराठी, कन्नड, दखनी असं सगळं मिसळून बोलतो. पण या आजाराला आपल्या तिन्ही भाषांत मिळून एकच शब्द आहे, तो म्हणजे "ते". "त्याला ते झालंय म्हणं." "तिच्या नवऱ्याला ते होतं." सरकारी भिंतीवर लाल फितीचं चित्र आणि खाली घोषणा, एवढंच या आजाराचं आपलं साहित्य. घोषणेला माझा विरोध नाही. पण घोषणा म्हणजे समजूत नव्हे. आणि मजकूर वाचायला शिकणं हे ज्यांचं कामच आहे, अशा आपण साहित्याच्या विद्यार्थ्यांनी हा एक मजकूर "सायन्सवाल्यांचा" म्हणून सोडून द्यावा, हे मला पटत नाही. का पटत नाही ते सांगते. आधी थोडं वाचून बघू या.

या मजकुरात चारच अक्षरं आहेत: ए, यू, जी, सी. त्यातही ए फार, जवळजवळ ३६ टक्के. तीन-तीन अक्षरांचा एक शब्द होतो आणि एकेका शब्दावरून प्रथिनाचा एकेक मणी ओवला जातो. शब्दांमध्ये मोकळी जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, आपल्या जुन्या पोथ्यांसारखं सगळं सलग. त्यामुळे वाचायला कुठून सुरुवात केली यावर अर्थ ठरतो. एक उदाहरण घ्या. सजनकमलमदन. पहिल्या अक्षरापासून तीन-तीन घेतले तर सजन, कमल, मदन. आता पहिलं अक्षर सोडा आणि दुसऱ्यापासून वाचा: जनक, मलम, आणि शेवटी दोन अक्षरं उरली. तिसऱ्यापासून वाचलं तर नकम, लमद, काहीच नाही. अक्षरं तीच, पण दोन चौकटींत अर्थ लागला आणि तिसरीत लागला नाही. हे एवढं जमवायला मला एक अख्खी दुपार लागली.

हा विषाणू हेच करतो, आणि माझ्यापेक्षा कितीतरी सराईतपणे. त्याची मुख्य जनुकं तीन: गॅग, पोल आणि एन्व्ह. गॅगपासून विषाणूचा सांगाडा बनतो, पोलपासून त्याची अवजारं म्हणजे एन्झाइम, आणि एन्व्हपासून वरचं आवरण, ज्याच्या जोरावर तो आपल्या पेशीला चिकटतो. शिवाय सहा छोटी जनुकं: टॅट, रेव्ह, व्हिफ, व्हीपीआर, व्हीपीयू, नेफ. एकूण नऊ. ही नऊ जनुकं एकापुढे एक नीट रांगेत बसलेली नाहीत, एकमेकांच्या अंगावर चढलेली आहेत. टॅट आणि रेव्ह तर दोन-दोन तुकड्यांत आहेत, आणि त्यांचे दुसरे तुकडे एन्व्हच्या पोटात आहेत. त्या ठिकाणी तीच अक्षरं तीन वेगळ्या चौकटींत वाचली जातात आणि तिन्ही वाचनांना अर्थ आहे. कविराजाचं 'राघवपांडवीय' आपण काव्यशास्त्राच्या तासाला नावापुरतं ऐकलेलं असतं: एकच संस्कृत काव्य, एका बाजूनं वाचलं की रामकथा, दुसऱ्या बाजूनं वाचलं की पांडवांची. परीक्षेला आपण त्याला श्लेष म्हणतो. विषाणूला अलंकाराची हौस नाही, त्याला जागा कमी आहे. पण जागा कमी पडली की भाषा काय करते हे ज्याला बघायचं असेल त्यानं हा मजकूर बघावा.

आणखी एक जागा मला फार आवडते. गॅग संपत आलं की सहा यू आणि एक ए असा तुकडा येतो. पेशीचं वाचनयंत्र तिथे कधीकधी घसरतं आणि एक अक्षर मागे जातं. वीसांतून साधारण एकदा. एकोणीस वेळा न घसरता वाचलं तर फक्त सांगाडा बनतो. विसाव्या वेळी घसरलं की चौकट बदलते आणि पुढचं पोलही वाचलं जातं. विषाणूला सांगाडा भरपूर लागतो, अवजारं थोडी. ते प्रमाण त्यानं एका घसरगुंडीवर सोपवलंय.

दोन्ही टोकांना सुमारे ६०० अक्षरांचा एकच तुकडा पुन्हा येतो, त्याला एलटीआर म्हणतात. ते ध्रुवपद समजा. मजकूर कधी आणि किती जोरात वाचायचा ते तिथून ठरतं.

हा विषाणू "रेट्रो" का, तर तो उलटा चालतो. नेहमीचा रस्ता डी.एन.ए.कडून आर.एन.ए.कडे. हा आर.एन.ए.वरून डी.एन.ए. लिहितो आणि तो आपल्या पेशीच्या डी.एन.ए.त शिवून टाकतो. असं करणारं एन्झाइम १९७० मध्ये टेमिन आणि बाल्टिमोर यांनी वेगवेगळं शोधलं. एच.आय.व्ही.चा पूर्ण मजकूर पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटनं आणि अमेरिकेतल्या प्रयोगशाळांनी १९८५ च्या सुरुवातीला जवळजवळ एकाच वेळी छापला.

त्याच्या पुढच्याच वर्षी तो भारतात सापडला, आणि या गोष्टीत एक मराठी आडनाव आहे, जे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. चेन्नईच्या डॉ. सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. त्यांचे यजमान व्हिक्टर सॉलोमन हे ख्रिस्ती, हृदयाचे सर्जन. १९८६ मध्ये त्यांची विद्यार्थिनी निर्मला प्रबंधाला विषय शोधत होती. सॉलोमनबाईंनी तिला सांगितलं, एड्स बघ. तेव्हा सगळे म्हणत होते की हा अमेरिकेचा रोग, इथे कुठला यायला. निर्मलानं देहविक्रय करणाऱ्या बायकांचे रक्ताचे नमुने गोळा केले, आणि चेन्नईत तपासणीची सोय नव्हती म्हणून ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात नेले. त्यातले सहा पॉझिटिव्ह निघाले. एका विद्यार्थिनीचा प्रबंध, वाचकहो. आपण प्रोजेक्ट कसे करतो ते आठवा. पुढे १९९३ मध्ये सॉलोमनबाईंनी जी संस्था काढली तिच्या नावातही गायतोंडे आहे: वाय. आर. गायतोंडे केंद्र.

पण रोग सापडणं वेगळं आणि त्याचा मजकूर वाचणं वेगळं. तोवर जगात जो एच.आय.व्ही. वाचला जात होता तो बहुतेक युरोप-अमेरिकेतला, उपप्रकार बी. भारतातला नव्वद टक्क्यांहून जास्त विषाणू उपप्रकार सी आहे. त्याचे सबंध मजकूर वाचायचं काम झालं पुण्यात. भोसरीला १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था निघाली, सगळे तिला नारी म्हणत (आता नाव बदललंय). पुण्यातल्या नुकतीच लागण झालेल्या सहा लोकांच्या विषाणूंचे जवळजवळ पूर्ण मजकूर तिथल्या आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी मिळून वाचले आणि १९९९ मध्ये छापले. त्या निबंधावर लोले, परांजपे, गाडकरी, कुलकर्णी ही नावं बॉलिंजर आणि रे यांच्या शेजारी दिसतात. सहापैकी पाच सी निघाले. सहावा मिश्र होता, काही भाग सीचा, काही एचा, आणि सांधे एन्व्ह, नेफ आणि शेवटच्या एलटीआरमध्ये.

हे मिश्रण कसं होतं ते आपल्याला सायन्सवाल्यांपेक्षा लवकर कळायला हवं. प्रत्येक विषाणूत मजकुराच्या दोन प्रती असतात. नकलून घेणारं एन्झाइम मध्येच एका प्रतीवरून दुसरीवर उडी मारतं. एखाद्याला दोन वेगळ्या विषाणूंची लागण झालेली असेल, तर दोन वेगळ्या परंपरांच्या प्रती नकलाकारासमोर येतात आणि तिसरीच प्रत तयार होते. पोथ्यांचं असंच होतं की नाही? भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, १९१९ ला काम सुरू आणि १९६६ ला पूर्ण, तेव्हा सुकथनकरांपुढे हाच घोळ होता: काश्मिरी प्रत, दाक्षिणात्य प्रत, आणि दोन्ही समोर ठेवून केलेली मिश्र प्रत. कुठला पाठ कुणाकडून आला हे चुकांवरूनच ओळखायचं. दोन प्रतींत सारखीच चूक असेल तर त्यांचा पूर्वज एक. विषाणूंची वंशावळ काढणारे हेच करतात. पुण्यात भांडारकर आणि नारी यांच्यामध्ये अंतर थोडंच आहे, पण मराठीच्या वर्गात पहिल्याचं नाव निघतं आणि दुसऱ्याचं निघत नाही.

पुण्याच्या त्या वाचनातून एक गोष्ट निघाली. आपली प्रतिकारशक्ती विषाणूचे जे तुकडे ओळखते, त्यातल्या चांगल्या माहीत असलेल्या तुकड्यांपैकी फक्त ३८ टक्के या भारतीय मजकुरांत जसेच्या तसे सापडले. म्हणजे परदेशी पाठावरून केलेली लस इथे चालेलच असं धरून चालता येत नाही. पुढे बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्रात उदयकुमार रंगा यांच्या गटानं आपल्या सी प्रकाराचं टॅट तपासलं: ३१ व्या जागी बी प्रकारात जो मणी असतो तो इथे बहुधा बदललेला. भारतात या रोगातला स्मृतिभ्रंश तुलनेनं कमी का दिसतो, याच्याशी त्यांनी २००४ मध्ये त्याचा संबंध जोडला. २०१२ मध्ये त्याच गटानं ध्रुवपदाबद्दल सांगितलं. एलटीआरमध्ये एक छोटा तुकडा असतो, विषाणूला "वाच" म्हणून चालना देणारा. बीमध्ये तो दोनदा येतो, सीमध्ये तीनदा, आणि भारतात आता चारदा येणाऱ्या प्रती दिसू लागल्यायत. आपल्याच राज्यातलं काम हे. बीदरच्या किती जणांनी ऐकलंय?

आता माझ्या मुद्द्याकडे येते, कारण नुसतं कौतुक करायला मी बसलेली नाही.

मजकूर वाचता आला की लगेच प्रश्न येतो, कुणाकडून कुणाला? आपल्या गावांत तो प्रश्न सगळ्यात आधी येतो आणि उत्तर ठरलेलं असतं. नवरा पुण्या-मुंबईला कामाला, आजारी होऊन परत येतो, जातो. मग बायकोची तपासणी होते, आणि सासरचे म्हणतात, हिनंच दिलं. तिला माहेरी पाठवतात, जमिनीच्या कागदावरून नाव जातं. अनुक्रम वाचता येतो हे कळलं तर हेच लोक उद्या म्हणतील, करा तपासणी, सिद्ध करा. म्हणून हे नीट सांगायला हवं: दोन माणसांच्या विषाणूंचे मजकूर जवळचे आहेत एवढं कळतं. पहिल्यानं दुसऱ्याला दिलं, की दुसऱ्यानं पहिल्याला, की दोघांना तिसऱ्याच कुणाकडून आलं, हे नुसत्या जवळीकीवरून ठरत नाही. हरवलेली पोथी वंशावळीत दिसत नसते.

उलट हे वाचन निरपराधांच्या बाजूनंही उभं राहिलंय. लिबियात बेनगाझीच्या रुग्णालयात चारशेहून जास्त मुलांना लागण झाली. आरोप पाच बल्गेरियन नर्सवर आणि एका पॅलेस्टिनी डॉक्टरवर, आणि मृत्युदंडाची शिक्षा. २००६ मध्ये संशोधकांनी त्या मुलांच्या विषाणूंची वंशावळ काढून दाखवलं की हा विषाणू त्या नर्सा १९९८ मध्ये तिथे येण्याआधीच फिरत होता. कोर्टानं ते मानलं नाही, तो भाग वेगळा. २००७ मध्ये राजकीय वाटाघाटींनी त्या सुटल्या.

आणि वाचनच नसताना काय होतं ते शेजारच्या गोव्यात बघा. १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा हा कॅथोलिक तरुण, नेहमी रक्तदान करणारा. त्याच रक्तातून लागण कळली आणि पोलीस आले. गोव्याच्या आरोग्य कायद्याखाली म्हापशाच्या जुन्या क्षय रुग्णालयात त्याला ६४ दिवस एकट्याला कोंडून ठेवलं. आई ल्यूसी हायकोर्टात गेली. तो बाहेर आला, पण निकालात कोर्टानं कायदा योग्यच ठरवला. १९९२ मध्ये तो गेला. शाळेत आम्हाला रक्तदान हे पुण्यकर्म म्हणून शिकवलं. ते करत असताना पकडला गेलेला माणूस आमच्याच समाजातला होता, हे मात्र प्रवचनात मी कधी ऐकलं नाही.

आता तो काळ नाही असं म्हणाल. २०१७ चा कायदा आहे, भेदभावाला बंदी आहे, गुप्ततेचा हक्क आहे. औषध २००४ पासून सरकारी केंद्रात फुकट आहे, आणि चांगलं आहे, नियमित घेतलं तर माणूस पूर्ण आयुष्य जगतो. खरं आहे सगळं. पण माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत, त्यांना मी मावशी म्हणते. त्या गोळ्यांच्या बाटलीवरचं लेबल खरवडून काढतात आणि गोळ्या बडीशेपेच्या डब्यात ठेवतात. जवळच्या केंद्रावर ओळखीचं कुणी भेटेल म्हणून दोन बस बदलून लांबच्या केंद्राला जातात. घरी पाहुणे राहिले की तीन-चार दिवस गोळी नाही. "कुणाला काय सांगू बाई," एवढंच त्यांचं म्हणणं.

त्या तीन-चार दिवसांत मजकुरात काय होतं? नकलणारं एन्झाइम आपलं काम परत तपासत नाही, त्यामुळे चुका होतच असतात. रक्तात औषध पूर्ण असलं तर नक्कलच थांबते. अर्धवट असलं तर नक्कल चालू राहते, आणि ज्या चुकीमुळे औषध लागू पडत नाही ती चूक टिकते. एक प्रसिद्ध चूक आहे: त्या एन्झाइमच्या १८४ व्या शब्दात एयूजीच्या जागी जीयूजी. एकाच अक्षराचा फरक, आणि लॅमिव्हुडिन हे औषध, जे आपल्या रोजच्या सरकारी गोळीत आहे, जवळजवळ निकामी होतं. म्हणजे पाहुण्यांची भीती, शेजारणीची नजर, बडीशेपेचा डबा, हे सगळं त्या ९,७०० अक्षरांत उतरू शकतं. आपण ज्याला "लोक काय म्हणतील" म्हणतो त्याचा जनुकीय परिणाम आहे. माझं भांडण आहे ते इथे. ज्या समाजात हा आजार उच्चारता येत नाही, तो समाज विषाणूच्या नव्या प्रती लिहायला हातभार लावतो. आणि औषधाला दाद न देणारा विषाणू पुढे दुसऱ्यालाही जाऊ शकतो, तेव्हा ही एका मावशीपुरती गोष्ट राहत नाही.

कुणी म्हणेल, हे जनुक-बिनुक मावशीला सांगून काय उपयोग? मी सांगून बघितलं. सजन-कमल-मदनच सांगितलं. मावशी चौथी शिकलेल्या, पण ओव्या पाठ आहेत, अक्षर चुकलं की अर्थ बिघडतो हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. "म्हणजे नकलताना चुकतंय व्हय ते? आन् गोळी चुकली की त्याची चूक पक्की?" इतकं नेमकं कुठल्या भिंतीवर लिहिलेलं मी वाचलेलं नाही.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. "त्यांचं रक्त वेगळं" असं म्हणणाऱ्यांसाठी. माणसाच्या, म्हणजे तुमच्या-माझ्या जनुकीय मजकुरापैकी साधारण आठ टक्के मजकूर जुन्या रेट्रोव्हायरसांचा आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी त्यांनी आपल्या पूर्वजांच्या पेशीत स्वतःला शिवून घेतलं आणि ते पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलं. बहुतेक आता मोडकंतोडकं आहे. पण त्यातलं एक जुनं एन्व्ह आपण कामाला लावलंय: बाईच्या गर्भारपणात वार तयार होताना पेशी एकमेकींत मिसळाव्या लागतात, ते काम त्यापासून बनलेलं सिन्सिटिन नावाचं प्रथिन करतं. २००० मध्ये हे कळलं. ज्या घरात सुनेचं ताट वेगळं ठेवतात त्या घरातला प्रत्येक जण एका रेट्रोव्हायरसच्या मदतीनं पोटात वाढलाय.

मंडळाकडे माझी मागणी छोटी आहे. जीवशास्त्र विभागाबरोबर बसून आपण एक शब्दसूची करू या, मराठी आणि कन्नड शेजारी-शेजारी, आणि ती समुपदेशकांना, आशाताईंना देऊ या. इंग्रजी शब्द जिथे रुळलेत तिथे ते राहू देत, व्हायरसला विषाणूच म्हणा असा माझा हट्ट नाही. पण "एड्सवाला" जायला हवा, आणि "ते" सुद्धा. सुरुवात मी केलीय. सिक्वेन्सला अनुक्रम, जीनला जनुक हे आहेतच. रीडिंग फ्रेमला मी वाचनचौकट म्हणते. म्युटेशनला पुस्तकात उत्परिवर्तन आहे, पण मावशींना ते जड जातं, म्हणून तूर्त "अक्षरबदल" लिहिलंय. कन्नडच्या रकान्यात अजून सात जागा रिकाम्या आहेत, बी.ए.च्या कन्नडवाल्यांपैकी कुणी येणार असेल तर शनिवारी दोन नंतर मी ग्रंथालयात असते.